तोंडावरून ओळखला गेलेला बेडूक

बेडूक हा प्राणी मराठी घरास अपरिचित नाहीं. परंतु घरांत पाळावयाचा प्राणी म्हणून त्याची गणना आपल्याकडे कधीं झाली नाहीं. मृगाचा पाऊस पडला कीं परसांतील डबक्यांतून त्याचा आवाज ऐकूं यावा, मोरींतून तो कधीं न्हाणीघरांत शिरला तर मुलांनीं आरडाओरड करावी, आणि कोणी वडील माणसानें केरसुणीनें त्यास बाहेर लोटावें, एवढाच त्याचा आपला संबंध. पावसानें ओढ दिली म्हणजे खेड्यांतून पोरें धोंडी मागत फिरत. कडुनिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून तो मुसळावर घेऊन दारोदार जावयाचें आणि बायकांनीं त्याजवर पाणी ओतावयाचें, अशी ती रीत. विद्वानांच्या घरीं त्याचा मान यापेक्षां मोठा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडळांत त्याजवर एक सबंध सूक्त आहे, एका उपनिषदास त्याचें नांव आहे, आणि व्याकरणांत एखादें पद मधलीं सूत्रें ओलांडून पुढच्या सूत्रांत जातें तेव्हां वैयाकरण त्यास मंडूकप्लुति म्हणतात. इतकें असूनहि कूपमंडूक हा शब्द निंदेचाच राहिला!

परमुलखांतील प्राण्यांची हौस पुण्यास नवी नाहीं. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीं होता, व त्यांत सिंह, गेंडा यांसारखीं जनावरें होतीं. १९५३ मध्यें त्याच भागांत महानगरपालिकेचें पेशवे उद्यान झालें. पुढें तेथील प्राणिसंग्रह कात्रजला नेण्यांत आला. शिकारखान्याच्या पाठीशीं राज्य होतें आणि उद्यानाच्या पाठीशीं महानगरपालिका. अलीकडे पुण्यासारख्या मोठ्या शहरांत हौशी घरांतील कांचेच्या पेटींत जो एक परदेशी पाहुणा येऊं लागला आहे, त्याच्या पाठीशीं मात्र त्या घरांतील चार माणसेंच असतात. हा पाहुणा म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील शिंगाळ बेडूक.

या बेडकाचें रूप एकदां पाहिलें तर विसरावयाचें नाहीं. वाटोळें, बसकें शरीर; मान नाहीं म्हटलें तरी चालेल; आणि शरीराच्या रुंदीइतकेंच रुंद तोंड. प्रत्येक डोळ्यावर कातडीचें एक टोंक वर आलेलें असतें, त्यावरून त्यास शिंगाळ म्हणावयाचें. खरें शिंग त्यास नाहीं. अंगावर हिरव्या, तांबूस व काळसर रंगांचे डाग असतात, आणि पालापाचोळ्यांत किंवा ओल्या मातींत अर्धा पुरून बसला म्हणजे डोळे तेवढे वर राहतात. त्याच्या कुळांत अनेक जाती आहेत. घरांत ठेवले जातात त्यांतील एक जात आर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझील येथील पंपा नांवाच्या गवताळ मैदानांतील. दुसरी ग्रान चाको या अधिक रुक्ष मुलखांतील. बाजारांत दिसणारे बेडूक बहुतेक या दुसऱ्या जातीचे, अथवा संकराचे, आणि माणसाच्या देखरेखीखालीं पैदा झालेले असतात.

या प्राण्याचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. तीनशें वर्षांत ज्यानें ज्यानें त्याजकडे पाहिलें, त्यानें त्याचें तोंड पाहिलें. त्याच्या कातडीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आणि कांचेच्या पेटींत तो जगतो किंवा मरतो तो बहुतांशीं त्या कातडीमुळें.

युरोपांत या कुळाची ओळख प्रथम चित्रानें झाली. ॲमस्टरडॅम येथें अल्बर्टस सेबा नांवाचा एक औषधविक्या होता. बंदरांत जहाजें लागलीं कीं हा खलाशांस औषधें द्यावयास जाई आणि त्यांच्याकडून दूरदेशींचे सर्प, शिंपले, कीटक, पक्षी मिळवी. त्याचा पहिला संग्रह रशियाच्या पीटर बादशहानें विकत घेतला. सेबानें लगेच दुसरा जमविला. या दुसऱ्या संग्रहाचें सचित्र वर्णन १७३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलें. लिनिअसनें १७५८ मध्यें शिंगें असलेल्या बेडकास शास्त्रीय नांव दिलें तें अशा चित्रांचा आधार घेऊन. पुढें राइन नदीकांठचा एक जर्मन राजपुत्र, वीड संस्थानचा मॅक्सिमिलियन, १८१५ ते १८१७ या काळांत ब्राझीलच्या अरण्यांतून फिरला. त्यानें १८२४ मध्यें या कुळास सेराटॉफ्रिस हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ शिंगाच्या भुवयांचा. येथवर शिंगें व भुवया यांचें तरी कौतुक झालें. यापुढें सारें तोंडावर आलें.

पंपा मैदानांतील जातीची हकीकत आपल्या दृष्टीनें फार मौजेची आहे. चार्ल्स डार्विन हा बीगल जहाजावरून १८३१ ते १८३६ पर्यंत प्रवास करीत होता. त्यानें आणलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचें व बेडकांचें वर्णन करण्याचें काम लंडनच्या थॉमस बेल याजकडे सोंपविण्यांत आलें. बेल हा धंद्यानें दांतांचा वैद्य. गाय हॉस्पिटलांत तो दांतांवर इलाज करी. हेंच ते बेलसाहेब कीं जे १८५८ मध्यें लिनिअन सोसायटीचे अध्यक्ष होते, ज्यांच्या अध्यक्षतेखालीं डार्विन व वॉलेस यांचे उत्क्रांतीवरील निबंध वाचले गेले, आणि ज्यांनीं पुढें वर्षाचा आढावा घेतांना, या वर्षांत विशेष क्रांतिकारक असा शोध कांहीं लागला नाहीं, अशा आशयाचे उद्गार काढले! असो. बेलनें कामास विलंब पुष्कळ लावला. परंतु १८४३ मध्यें ब्वेनोस आयरिसच्या या बेडकाचें वर्णन छापून निघालें. त्यानें त्यास ज्या कुळांत घातलें त्याचें नांव युपेरोडॉन, म्हणजे टाळूवर दांत असलेला.

आतां हें युपेरोडॉन कूळ कोठलें? तें हिंदुस्थानांतलें. दोनच वर्षांपूर्वीं, म्हणजे १८४१ मध्यें, दोघां फ्रेंच पंडितांनीं हिंदुस्थानच्या एका बिळांत राहणाऱ्या बेडकासाठीं हें नांव योजिलें होतें. त्या हिंदी बेडकाची एक जात जर्मन विद्वान श्नायडर यानें १७९९ मध्येंच वर्णिली होती. हा गोटीसारखा वाटोळा, डिवचला असतां फुग्यासारखा फुगणारा बेडूक आपल्या महाराष्ट्रांतहि आहे. पण त्याचें तोंड पाहावें तर अगदीं चिमुकलें. वाळवी व मुंग्या टिपावयास पुरेल एवढेंच! म्हणजे जगांतील अत्यंत रुंद तोंडाचा बेडूक हा प्रथम अत्यंत अरुंद तोंडाच्या बेडकांच्या कुळांत जाऊन बसला. ही चूक पुढें दुरुस्त झाली आणि शिंगाळ बेडूक आपल्या सेराटॉफ्रिस कुळांत परत गेला. मात्र चुकीच्या घरांतला हा मुक्काम व्यर्थ गेला असें म्हणवत नाहीं. दांत आणि तोंड बाजूस ठेवून दोघांची राहणी पाहिली तर हे दोन बेडूक एकमेकांचे चुलतभाऊ शोभतील. दोघेहि मागच्या पायांनीं माती उकरीत पाठमोरे जमिनींत शिरतात. दोघेहि कोरड्या ऋतूंत दिसेनासे होतात. आणि दोघांच्याहि सर्व संसाराचा मुहूर्त पावसानें ठरतो. रक्ताचें नातें दूरचें असतांहि हवापाण्यानें एकच धडा दोन खंडांत दोघांस शिकविला.

इकडे पंडित टाळू तपासीत असतां तिकडे पंपा मैदानांतील गुराखी या बेडकास चळचळा कांपत होते. ते त्यास एस्कुएर्सो म्हणत. विल्यम हेन्री हडसन हा निसर्गाचा मोठा जाणकार. १८४१ मध्यें ब्वेनोस आयरिसच्या जवळच जन्मलेला आणि तेथेंच वाढलेला. त्यानें १८९२ मध्यें ला प्लाटा प्रदेशांतील प्राण्यांवर लिहिलेल्या पुस्तकांत देखील हा बेडूक विषारी असल्याचें सांगितलें असून त्याच्या चाव्यानें घोडे मेल्याच्या गोष्टी दिल्या आहेत. वस्तुतः या बेडकाच्या चाव्यांत विष नाहीं. त्याच्या वरच्या जबड्यांत अणकुचीदार दांत आहेत, खालच्या जबड्यांत हाडाचे दोन सुळे आहेत, आणि एकदां धरलेलें तो सोडीत नाहीं. एवढ्यावरून विषाची कथा रचली गेली. गुराख्यांची समजूत तर याच्याहि पुढची. एस्कुएर्सोला मारलें तर त्याचें प्रेत जाळलेंच पाहिजे, नाहींतर तो जिवंत होऊन सूड घ्यावयास येतो! लेओपोल्दो लुगोनेस या आर्जेंटिनी लेखकाची या समजुतीवर रचलेली कथा १९०६ च्या त्याच्या संग्रहांत आहे.

विसाव्या शतकांत भीति गेली. तोंड मात्र राहिलें. १९८० मध्यें जपानांत एक विजेवर चालणारा खेळ निघाला. त्यांत पडद्यावर एक पिवळें वर्तुळ तोंड उघडझांप करीत समोर येईल तें गिळत सुटतें. त्या खेळाचें नांव पॅकमॅन. आणि हेंच नांव अमेरिकेंतील दुकानदारांनीं शिंगाळ बेडकास चिकटविलें. आज तो जगभर पॅकमॅन बेडूक म्हणूनच विकला जातो. शास्त्रज्ञांसहि या तोंडाचा मोह आवरला नाहीं. २०१४ मध्यें जर्मनींत याच्या जिभेची चिकटण्याची शक्ति मोजण्यांत आली. ती त्याच्या स्वतःच्या वजनाहूनहि अधिक ओढ सहन करते असें दिसलें. २०१७ मध्यें जबड्याचा जोर मोजला गेला. साडेचार सेंटिमीटर रुंद डोक्याचा बेडूक सुमारें तीन किलो वजनाइतक्या जोरानें चावतो. यावरून मादागास्करमध्यें सांपडलेल्या, २००८ मध्यें वर्णिलेल्या एका प्रचंड जीवाश्म बेडकाच्या चाव्याचा अंदाज बांधण्यांत आला. हा प्राचीन बेडूक शिंगाळ बेडकांच्याच वळणाचा असून महासरटांच्या शेवटच्या काळांत राहत होता. आणि त्याहूनहि पूर्वीं मादागास्कर हें आपल्या हिंदुस्थानच्या भूमीस जोडलेलें होतें, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

तोंडाचा इतिहास येथें पुरा करून कातडीकडे वळलें पाहिजे. तो इतिहास फार लहान आहे. परंतु त्याचा आरंभ एका घरांतल्या पाळीव बेडकांपासूनच झाला, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. रॉबर्ट टाउन्सन नांवाचा एक इंग्रज अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींतील गोटिंगेन येथें शिकत होता. त्यानें आपल्या खोलींत झाडावरचे बेडूक पाळले होते आणि त्यांस डेमन व म्युसिडोरा अशीं काव्यांतलीं नांवें दिलीं होतीं. बेडूक पाणी पितांना कधींच दिसत नाहीं; मग तो जगतो कशावर, हा प्रश्न त्याच्या मनांत आला. त्यानें कोरड्यांत ठेवून हलका झालेला बेडूक तोलला, मग ओल्या कागदावर बसविला, आणि पुन्हां तोलला. वजन भराभर वाढलें. तोंडाचा संबंध नाहीं. पाणी पोटाकडच्या कातडीनें आंत गेलें. १७९९ मध्यें त्याचे हे प्रयोग इंग्रजींत छापून निघाले. आपल्या फुगणाऱ्या बेडकाचें नामकरण झालें तें याच वर्षीं.

बेडकाची कातडी म्हणजे त्याचें पिण्याचें भांडें, आणि बऱ्याच अंशीं श्वासाचें द्वारहि. शिंगाळ बेडूक कोरड्या ऋतूंत जमिनींत जातो तेव्हां कातडीचे थरावर थर सुटून अंगाभोंवतीं त्यांचें एक कवच बनतें. त्यामुळें ओलावा टिकतो. पाऊस पडला कीं तें कवच फोडून, बहुधा खाऊन टाकून, तो वर येतो. एरवींहि जुनी कातडी उतरली म्हणजे तो ती गिळतो, वायां जाऊं देत नाहीं. पाणी ज्या दारानें आंत जातें त्याच दारानें पाण्यांतील घाण आणि औषधेंहि आंत जातात, हें पेटी मांडणारानें सर्वांआधीं ध्यानांत धरावयाचें.

पुण्यांत नळाचें पाणी शुद्धीकरणासाठीं क्लोरीन घातलेलें असतें. तें माणसास हितकर, बेडकाच्या कातडीस जाचक. पसरट भांड्यांत एक दिवस उघडें ठेवल्यास साधें क्लोरीन उडून जातें. क्लोरीन अमोनियाबरोबर मिसळून वापरलें असेल तर तें असें जात नाहीं, तेव्हां मासे विकणाऱ्या दुकानांतील क्लोरीन मारणारें औषध थेंबांनीं घालावें. पाण्याचें भांडें उथळ असावें. हा बेडूक पोहणारा नव्हे, आणि खोल पाण्यांत बुडूनहि मरतो. तो त्याच पाण्यांत मलमूत्र करतो, व तेंच पाणी पोटाच्या कातडीनें पुन्हां आंत घेतो. म्हणून पाणी रोज बदलावयाचें. हें एक काम टळलें कीं बाकीचीं दहा केलेलीं फुकट जातात.

अंथरुणास कोंकणांतून येणाऱ्या नारळाच्या काथ्याचा भुसा उत्तम. आठ दहा सेंटिमीटर जाडीचा थर, मुठींत दाबला असतां गोळा होईल पण पाणी गळणार नाहीं इतका ओला. रंगीत खडे किंवा वाळू शोभेसाठीं कोणी घालतात. तें करूं नये. भक्ष्यावर झडप घालतांना बेडूक खडेहि गिळतो आणि आंतडें बंद होतें. पेटी सुमारें ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद असली तरी एका बेडकास पुरते, कारण हा हिंडणारा प्राणी नाहीं. एका पेटींत दोन मात्र कधींहि ठेवूं नयेत. दुसरा बेडूक हें त्याच्या लेखीं अन्नच. मग तो भाऊ असो कीं जोडीदार.

उष्णमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान राहिलें पाहिजे. मोजून पाहिल्यास पुण्याच्या हवेंत हें साधणें वाटतें तितकें सोपें नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं पारा ४० अंशांच्या आसपास जातो, आणि गच्चीलगतच्या खोलींत घरांतील उकाडाहि कांहीं कमी नसतो. तेव्हां पेटी घरांतील सर्वांत थंड जागीं, फरशीवर, उन्हापासून दूर न्यावी. उलट पौषांत रात्रीं पारा १० अंशांपर्यंत उतरतो. त्या वेळीं बेडूक खाणें सोडतो आणि खाल्लेलें पचवूंहि शकत नाहीं. पेटीच्या एका बाजूस मंद उष्णता देणारें साधन बसवून दुसरी बाजू तशीच ठेवावी, म्हणजे आपली जागा तो आपण निवडतो. उष्णमापक यंत्र बाहेर न लावतां पेटीच्या आंत लावावें. पावसाळ्यांत मात्र पुण्याची हवा या पाहुण्यास मानवते.

खाण्याच्या बाबतींत लोकांचें लक्ष पुन्हां तोंडाकडे जातें, आणि बहुतेक अनर्थ येथेंच होतात. पाहुणे आले कीं त्यांस गंमत दाखवावयाची म्हणून उंदराचें पिलूं पेटींत सोडावयाचें, बेडकानें तें गिळलें कीं टाळ्या पिटावयाच्या, आणि त्याची चित्रफीत काढावयाची! हा बेडूक समोर हलेल तें गिळतो. त्याला नको म्हणतां येत नाहीं. मैदानांत अन्न मिळेल तें पावसाच्या थोड्या आठवड्यांत मिळावयाचें, म्हणून तसा त्याचा स्वभाव बनला. पेटींत मात्र पाऊस बारा महिने आणि जेवणहि बारा महिने. त्यामुळें तो चरबीनें फुगतो, त्याचें काळीज बिघडतें, आणि मालक म्हणतात कीं बेडूक कसा गुटगुटीत झाला आहे! पूर्ण वाढलेल्या बेडकास आठवड्यांतून एकदां चार सहा मोठे रातकिडे किंवा गांडुळें पुरेशीं होतात. लहान पिलास एक दिवसाआड. किड्यांवर कॅल्शियमची व जीवनसत्त्वांची भुकटी भुरभुरावी, नाहींतर हाडें मऊ पडतात. बागेंतील वा मोरींतील किडे पकडून घालूं नयेत. त्यांच्या अंगीं फवारणीचें विष असतें. अन्न लांब चिमट्यानें द्यावें. हातानें दिल्यास तो हातहि धरतो, आणि तीन किलोंचा हिशेब वर सांगितलाच आहे.

हातांत घेण्याची हौस मुलांस फार. आपल्या तळव्यावरील मीठ, साबण, तेल हीं सारीं त्याच्या कातडींतून आंत जातात; म्हणून घ्यावयाचाच झाला तर स्वच्छ पाण्यानें हात ओले करून, क्षणभर. नंतर साबणानें हात धुवावे, कारण बेडकाच्या अंगावर माणसाच्या पोटास उपद्रवकारक जंतु असूं शकतात. खरें म्हणजे हा हातांत घेण्याचा प्राणी नव्हेच. तो मालकास ओळखत नाहीं, हांकेस येत नाहीं, दिवसाचे बहुतेक तास मातींत डोळे मिटून बसतो, आणि नीट ठेवला तर दहा ते पंधरा वर्षें जगतो. चौथीच्या मुलानें हट्टानें आणलेला बेडूक तो मुलगा पदवीधर होऊन परगांवीं गेल्यावर आईच्या पदरीं पडावयाचा, हा हिशेब आरंभींच करावा.

कातडीच्या इतिहासांतील शेवटचें प्रकरण दुःखाचें आहे. १९९९ मध्यें, टाउन्सनच्या पुस्तकानंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं एका बुरशीचें वर्णन केलें. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांतील पाळीव बेडूक तिनें मेले होते. ही बुरशी बेडकाच्या कातडींत वाढते. कातडीनें पाणी व क्षार यांची देवघेव थांबते, आणि बेडकाचें हृदय बंद पडतें. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें जगांतील किमान ५०१ जातींचे उभयचर तिच्यामुळें घटले, व त्यांपैकीं ९० जाती नामशेष झाल्या असाव्या. तिचा मूळ उगम पूर्व आशियांतला आणि प्रसार बव्हंशीं प्राण्यांच्या व्यापारांतून झाला, असें २०१८ च्या संशोधनानें दाखविलें.

ही गोष्ट पुण्यास लांबची नाहीं. सह्याद्रीच्या उत्तर भागांतील बेडकांतहि ही बुरशी असल्याचें नीलेश डहाणूकर व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केलें. तेथें आढळलेलें वाण आशियांतीलच आहे; परदेशाहून दुसरें, अधिक घातक वाण येऊन मिळालें तर काय होईल, ही चिंता निराळी. आणि पुण्याभोंवतीं गमवावयास पुष्कळ आहे. पुण्याच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनीं गेल्या कांहीं वर्षांत सह्याद्रीचे बेडूक जितक्या निष्ठेनें अभ्यासिले तितकी त्यांची वाहवा शहरांत झालेली नाहीं. हेमंत घाटे यांचें नांव एका झुडुपी बेडकास २०१३ मध्यें देण्यांत आलें; आनंद पाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ मध्यें पश्चिम भारतांतील एका मातींत राहणाऱ्या बेडकास 'पश्चिमा' हें नांव दिलें. या कुळांतील बेडूक आपल्याकडील माळांवर असतात. वर्षांतले आठ महिने मातीखालीं, पावसाळ्यांत वर. ज्याला कांचपेटींतल्या शिंगाळ बेडकाची राहणी समजली त्याला त्यांची राहणी सांगावी लागत नाहीं. परंतु त्यांना उचलून घरीं आणूं नये. देशी वन्य प्राणी बाळगण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची नजर आहे. याच देशांतून १९८० च्या सुमारास दरवर्षीं हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशीं जेवणाच्या टेबलांवर जात. शेतांत किडे माजूं लागले तेव्हां १९८७ मध्यें ती निर्यात बंद करावी लागली.

म्हणून पेटींतील पाणी मोरींत किंवा बागेंत तसेंच ओतूं नये. त्यांत कपडे धुण्याचें ब्लीच मिसळून, तासभर ठेवून मग टाकावें. ओली माती उन्हांत पूर्ण वाळवून बंद पिशवींतून कचऱ्यांत द्यावी. कंटाळा आला म्हणून बेडूक मुठेच्या कांठीं, पर्वतीच्या उतारावर किंवा पाषाणच्या तलावाशीं सोडून देणें हा तर केवळ अविचार. एकटा बेडूक वंश वाढवीत नाहीं खरें. पण त्याच्या कातडीवरील रोगास जोडीदार लागत नाहीं. परक्या पाण्यांत गेलेला बेडूक काय करतो याचा दाखला आपल्याच मोठ्या पिवळ्या बेडकानें दिला आहे. मत्स्यबीजाबरोबर तो अंदमान बेटांवर पोंचला असावा. तेथें त्याच्या मांसाहारी पिलांनीं तळ्यांतील स्थानिक बेडकांचीं पिलें फस्त करण्यास आरंभ केला आहे.

विकत घेणारानें दोन गोष्टी आधीं पाहाव्या. प्राणी विकणाऱ्या दुकानांनीं नोंदणी केली पाहिजे असा २०१८ चा नियम आहे. ती नोंदणी विचारावी व पावती जपून ठेवावी. वन्यजीव कायद्यांत २०२२ मध्यें सुधारणा होऊन आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील परदेशी प्राण्यांची नोंद करणें आवश्यक झालें, व तिचे नियम २०२४ मध्यें निघाले. बेडकाची नेमकी जात कोणती आणि ती त्या यादींत येते काय, हें वनखात्याकडे विचारून घ्यावें. बेडूक पाहणारा पशुवैद्य शहरांत कोठें आहे हेंहि बेडूक आजारी पडण्यापूर्वींच शोधून ठेवणें बरें, कारण कुत्र्या-मांजरांच्या सर्वच वैद्यांस याची माहिती असते असें नाहीं. बेडूक सांभाळणें पुढें जमेनासें झालें तर तो दुसऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावा. तो मेला तर त्यास नदींत टाकूं नये, कुंडींतहि पुरूं नये. पशुवैद्याकडे देऊन जाळून टाकण्याची व्यवस्था करावी. पंपा मैदानांतील गुराखी हेंच करीत, त्यांचें कारण मात्र वेगळें होतें.